निळा दोरा आणि चारचा ताप

दुपारी चार वाजले की ज्यांच्या अंगात कणकण भरते, खोकल्याची उबळ आली की जे परसात जाऊन खोकतात आणि घरच्यांनी विचारलं तर "धूळ गेली घशात" म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अडीच महिने धुळीवर भागवलं. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका. गावातल्या बायकांना "दुखणं अंगावर काढू नका गं" असं बजावत हिंडणारी. स्वतःच्या वेळी मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकत होते.

ढग

बीडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझा एक्स-रे उजेडाला धरला. डाव्या बाजूला पांढरा ढग होता. इतका सुंदर होता की मी पाहतच राहिले. असा ढग आमच्या तलवाड्याच्या बाजूला आभाळात आला असता तर लोकांनी पेरणीची तयारी केली असती.

"आजी, टीबी आहे. छातीत पाणी झालंय, ते काढावं लागेल. औषध आहे, सहा महिने घ्यायचं. मधे सोडायचं नाही."

मी म्हणाले, "मॅडम, मी शिक्षिका होते."

हे मी का म्हणाले, देव जाणे. जणू टीबीनं येण्याआधी माझं प्रमाणपत्र बघायला हवं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तर बरंच झालं. गोळ्यांची हजेरी तुम्हीच घ्या."

बाहेर बाकावर माझी सून वर्षा बसली होती. तिला सांगितलं तेव्हा तिनं एका हातानं माझा हात धरला आणि दुसऱ्यानं, नकळत, तोंडावर पदर घेतला. तिची ही दोन्ही कामं एकाच क्षणी झाली. पुढचे तीन महिने आमच्या घरात जे चाललं, ते सगळं त्या एका क्षणात आलं होतं.

दोरा

दवाखान्यात राहायचं होतं, म्हणून कपडे न्यायला आम्ही गावी आलो, तर दारात चंद्रकला उभी. ती दोन घरं सोडून राहते. मी या गावच्या शाळेत लागले तेव्हा ती तिसरीत होती. आता बावन्न वर्षांची आहे. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर टोळीतून ऊसतोडीला जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते.

"बाई, हात करा," ती म्हणाली. हातात निळा दोरा होता. "साहेबाच्या कबरीवरचा हाय. बगा, कसा ताप उतरतो."

मी हात पुढं केला. तिनं गाठ मारली, तोंड वळवलं आणि खोकली. एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. तिच्याही मनगटावर दोरा होता, धुऊन धुऊन पांढरट झालेला.

"चंद्रे, कवापासून गं?"

"आखाडापासून. जातंय की. दोरा हाय ना."

मी पिशवी भरायला आत गेले. बोलायला हवं होतं. कारण त्या दोऱ्याची खरी हकीकत जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस मी होते.

या शाळेत लागले तेव्हाची मी कशी होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला हसायला मिळेल. चोवीस वर्षांची, दोन वेण्या, काळा चष्मा, उंच टाचेची चप्पल. त्यातली एक टाच पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीत रुतली, ती अजून तिथंच असेल. रोज वहीत लिहायची, "मी या अंधारात दिवा लावणार." गावात वीज आलेली होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गावाच्या उत्तरेला, गोदावरीकडं जाणाऱ्या वाटेवर, बाभळीत एक दगडी कबर आहे. निजामाच्या फौजेतल्या कुणा गोऱ्या साहेबाची, एवढंच लोकांना माहीत. चिरे मोठे देखणे. ज्याला न्हाणीला, गोठ्याला दगड हवा तो एक उचलून न्यायचा. मी सरपंचांना ऐतिहासिक वारशावर भाषण दिलं. त्यांनी चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गोठ्यात आणखी एक चिरा दिसला.

मग मी वर्गात गोष्ट सांगितली. साहेब म्हणे निळीच्या मळ्याचा मालक होता. मजुरांचे हाल बघून त्याचं काळीज द्रवलं, त्यानं मळा सोडला, तलवार घेतली आणि गरिबांच्या रक्षणासाठी फौजेत अधिकारी झाला. इथं मुक्कामाला असताना एका तापलेल्या लेकराला मांडीवर घेतलं, त्याचा ताप स्वतःवर ओढला आणि प्राण सोडला. जाताना म्हणाला, माझ्या कबरीवरचा निळा दोरा बांधा, ताप उतरेल. साहेब हे कोणत्या भाषेत म्हणाला, असं एकाही पोरानं विचारलं नाही. घरी येऊन मी कपड्याच्या निळीत दोऱ्याची दोन रिळं बुडवली आणि सकाळी शाळेआधी कबरीवर नेऊन ठेवली.

चिरे नेणं थांबलं. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. मी विसरून गेले. गाव विसरलं नाही, कबरीवर नवे निळे दोरे येत राहिले.

साहेब येतो

दवाखान्यात नऊ दिवस होते. सुई टोचून छातीतलं पाणी काढलं. दुखतं, पण तुम्ही समजता तेवढं नाही. जास्त दुखतं ते वाट बघणं. सकाळी फिनाईलचा वास, मग चहा, मग गोळ्या, मग डबा, मग काहीच नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तिसऱ्या दिवशी माझी खाट जराशी फिरवून दिली. "भिंतीकडं बगून काय करताव? लिंब बगा." त्या दिवसापासून मला खिडकीतला कडुलिंब दिसायला लागला. आजारपणात कुणी एवढंच केलं तरी जन्मभर आठवतं.

चारला ताप चढायचा. पडदे फुगायचे, फरशी हळूच कलायची आणि सगळा वॉर्ड, खाटा, डबे, सलाईनच्या बाटल्या, सगळं घेऊन पाण्यावर निघायचा. मग साहेब यायचा आणि माझ्या नातीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचा. निळा कोट, कुरळे केस. माझ्या तरुणपणी कॅलेंडरवर जसे देखणे राजपुत्र असायचे, अगदी तसा.

"काय बाई, बरं हाय का?"

त्याला आमची बोली कुठून यायची, असं मनात यायचं. पण ताप माझा, तर भाषाही माझीच असणार.

तो मला त्याच्या मळ्यात न्यायचा. निळीचं पीक कसं असतं हे मी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळं त्याच्या मळ्यात ज्वारीला निळी कणसं लागलेली असायची. निळ्या कणसांवर निळे पोपट. मजूर सगळे गात असायचे. मी घडवलेला माणूस तो, मला ठाऊक नव्हतं ते त्याला तरी कसं ठाऊक असणार? मी त्याच्या मागं अनवाणी चालायचे, पायाला माती थंड लागायची आणि वाटायचं, परत कशाला जायचं? भीतीच अशी गोड होऊन येते, हे मला तेव्हा कळलं. मरणाला मी निळा रंग देऊन ठेवला होता.

ऋतुजा वाचून दाखवते

माझी नात ऋतुजा इतिहासात एम.ए. करते. दवाखान्यात माझ्या उशाशी तीच असायची. तिनं कबरीवरच्या अक्षरांचे फोटो तिच्या सरांना पाठवले होते. सहाव्या दिवशी ती मोबाईल घेऊन आली, डोळे असे चमकत होते की मला वाटलं लग्न ठरवून आली.

"आजी, तुझा साहेब सापडला! त्यानं बहिणीला लिहिलेली पत्रं एका जुन्या पुस्तकात छापलीयेत."

"निळीबद्दल लिहिलंय का?"

"नीळ कुठली? ऊस."

"ऊस?"

"ऊस, आजी. एका लांबच्या बेटावर याचा उसाचा मळा होता. घरातला धाकटा मुलगा, मिसरूड फुटायच्या वयात तिकडं गेला. जहाजातून आणलेली माणसं विकत घ्यायची आणि ऊस तोडायला लावायची. हा स्वतः घोड्यावरून चाबूक घेऊन फिरायचा. बहिणीला लिहितो की सुरुवातीला चाबूक उचलवत नव्हता, मग सवय झाली."

लिंबावर साळुंख्या भांडत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"पुढं?"

"पुढं त्या माणसांनी कोयते उगारले. मळेवाल्यांनी आपली फौज उभी केली, हा तिचा कप्तान झाला. त्याला ते आवडलं. पत्रात लिहितो की साखर करण्यापेक्षा हुकूम देणं मला जास्त जमतं. मग मोठं वादळ आलं, मळा आडवा झाला. हा हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या पलटणीत अधिकारी झाला. शिपायांना कवायत शिकवायचा."

"आणि गेला कशानं?"

"तापानं. रोज ठरल्या वेळी चढायचा म्हणे. पलटणीच्या डॉक्टरनं कडू सालीची पूड दिली होती. यानं ती खाटेखाली टाकून दिली. शेवटच्या पत्रात बढाई मारलीय, की मी वादळातून वाचलो, असल्या तापाला काय भ्यायचं." ऋतुजानं मोबाईल खाली ठेवला. "आजी, गावात तर सांगतात हा ताप उतरवतो. असलं कुणी सुरू केलं असेल गं?"

"कुणीतरी मूर्ख बाई असेल," मी म्हणाले आणि भिंतीकडं वळले. हे उत्तर शब्दाशब्दानं खरं होतं.

त्या दिवशी चारला साहेब आला तो वेगळाच. कोट विटकरी, बाह्या फाटलेल्या, गालफडं बसलेली. अंगाला गुऱ्हाळाचा वास. खिडकीबाहेर लिंब नव्हता, ऊस होता, वॉर्डाच्या छताइतका उंच, आणि त्यात माणसं वाकून तोडत होती. कुणी गात नव्हतं.

"खोटारड्या!" मी त्याला म्हणाले.

"मी कुठं खोटं बोललो बाई? तुमीच बोललात." तो दात वाजवत कुडकुडत होता.

"पूड कावून टाकलीस?"

"कडू लई. आन् वाटलं, मी येवढा मोठा मानूस, मला काय हुतंय?"

त्याच्या खांद्यावरून मी उसात बघितलं. एक बाई वळली, तोंडाला पदर लावून खोकली. मनगटावर पांढरट निळा दोरा होता.

मी ओरडून जागी झाले. सिस्टर धावत आल्या. ताप उतरत होता आणि मी घामानं न्हाले होते.

ताट

घरी आले तर माझं ताट वेगळं. पेला वेगळा, चमचा वेगळा, ताटाच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका. भांडी वेगळी करायची गरज नाही, खोकताना तोंड झाका, खिडक्या उघड्या ठेवा, असं मॅडमनी वर्षासमोर सांगितलं होतं. पण तिला आमच्याकडं राहायला आलेल्या दोन लहान भाच्यांची काळजी होती आणि भीतीला समजावून सांगता येत नाही. मला राग आला. मी राग कसा काढला ते सांगायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय तर लिहिते. गोळ्यांनी मळमळायचं, अन्नाचा वास नको व्हायचा. तीन दिवस मी गोळ्या तोंडात घेतल्या आणि परसात जाऊन झेंडूच्या कुंडीत पुरल्या.

साहेबाला खोटारडा म्हणून मला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

चौथ्या दिवशी वर्षानं कुंडी उकरली, ओल्या गोळ्या तळहातावर घेऊन माझ्यासमोर आली. ओरडली नाही.

"आई, ताटाचा राग हाय ना? मग ताट फेका माझ्या अंगावर. गोळ्या कशाला फेकता?"

आणि रडायला लागली. मीही रडले. मग तिनंच आपल्या रिमूव्हरनं ठिपका पुसला आणि माझ्या शेजारी जेवायला बसली. पहिला घास घेताना तिचा हात किंचित अडखळला. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. धीट माणसाची भीती अशीच असते, घासाएवढी. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मॅडमना सगळं कबूल केलं. बोलणी खाल्ली, पुन्हा सुरुवात नीट केली.

एक गोष्ट सांगून ठेवते. या गोळ्यांनी लघवी भगवी होते. घाबरू नका. मला मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण मी तेव्हा त्यांच्या कानातले डूल बघत होते. दवाखान्यात पहिल्या दिवशी मोरीतून बाहेर आले ती थेट निरोपाची भाषा करायला लागले.

टोळी निघते

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टोळीची गाडी येणार होती. मी तोंडाला मास्क लावून चंद्रकलेकडं गेले. दारात वळकट्या बांधलेल्या, दोन कोयते गोणपाटात गुंडाळलेले. तिचा नवरा चुलीचे तीन दगड बाजूला ठेवत होता. तिची हाडं वर आली होती. बोलायच्या आधी खोकली.

"चंद्रे, बीडला चल. तपासून घेऊ."

"कशाला बाई? दोरा हाय की. तुमचा न्हाई का उतरला?"

"माझा गोळ्यांनी उतरला."

"गोळ्या बी खाल्ल्या आन् दोरा बी हुता. कशानं उतरला, कुनी सांगावं?"

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. निळीच्या मळ्याची थाप, वेण्या, काळा चष्मा, रिळं. मग खरा साहेब, बेट, ऊस, चाबूक. खाटेखालची पूड.

"म्हंजे उसाचा मुकादम म्हना की," ती हसली.

"मुकादमाच्या वरचा. मालक."

तिनं मनगटाकडं बघितलं. नवराही हातातलं काम सोडून बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता ही दोरा तोडून माझ्या तोंडावर मारणार. मारायलाच हवा होता.

"बाई, दोरा तुमी निळा केलता, ह्ये मला तवाच ठावं होतं."

"काय?"

"दोन-तीन दिस तुमची बोटं निळी हुती. फळ्यावर लिवताना दिसायची. आमी मागं बसून हसायचो."

"मग इतकी वर्षं बांधतेस कशाला?"

"त्या साहेबाला कुनी बगितलंय? तुमी केलता म्हनून बांधला. बाईनं येवढी बोटं रंगवली ती आमच्यासाठीच की."

म्हणजे मी इतके दिवस ज्या साहेबाशी भांडत होते, तो या भानगडीत नव्हताच. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासावर ती आखाडापासून खोकत बसली होती.

"हात कर," मी म्हणाले.

गाठ सुटेना. शेवटी तिनंच गोणपाटातून कोयता काढून दिला. मी टोक हळूच दोऱ्याखाली घातलं. पट्कन तुटला.

"मी बांधला, मी सोडला. आता मी नेते, चल."

"आन् जोडी? ह्यो येकटा काय करंल?"

नवरा पुढं आला. म्हणाला, "न्या बाई तिला. मी धाकल्या भावाला घेतो जोडीला. रोज सांगतुय, माझं ऐकती का ती?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो. तिच्या हातात थुंकी तपासायला द्यायची डबी होती. "बाई, खोटं न्हाई सांगत, भ्या वाटतंय." मी म्हणाले, "मला बी वाटलं हुतं." एवढंच सांगितलं. गोष्ट रचून सांगायचा मोह झाला होता, तो आवरला. तिसऱ्या दिवशी तिचा टीबी पक्का झाला. गाडी तोवर निघून गेली होती.

हजेरी

तेव्हापासून रोज सकाळी ती माझ्या ओट्यावर येते. आम्ही दोघी समोरासमोर बसून गोळ्या घेतो. शाळेची एक जुनी हजेरीवही माझ्याकडं होती, तिच्यात दोनच नावं लिहिली. गोळी गिळली की मी म्हणते, "आ कर." ती तिसरीत करायची तसा मोठा आ करते. मग ती म्हणते, "आता तुमी." मीही करते. वर्षा आतून हसते.

तिचं वजन वाढलं. खोकला गेला. दुपारी चारला मला आता चहा येतो, साहेब येत नाही. कधी कधी डुलकी लागते आणि पायाला थंड माती लागल्यासारखं होतं, तेवढंच. कबर तिथंच आहे. ऋतुजानं साहेबाची खरी कहाणी मराठीत लिहून शाळेला दिली आहे. पोरं म्हणतात, जुनी गोष्ट जास्त छान होती. होतीच ती छान.

माघात माझे सहा महिने संपले. मॅडमनी कागदावर सही केली, मी दवाखान्यातल्या मावशींना शोधून पेढे दिले. पण चंद्रकलेचे अजून तीन महिने जायचे आहेत, आणि कडू गोळी एकटीनं गिळायची म्हणजे कुंड्या जवळच असतात, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तिला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी ओट्यावर बसले, मुठीत गुळाचा छोटा खडा घेतला, तोंड वाकडं करून गिळला आणि वर पाणी प्याले. वहीत माझ्या नावापुढं खूण केली.

तिनं तिच्या गोळ्या घेतल्या. माझ्याकडं बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "बोटाला गूळ लागलाय तुमच्या."

आणि मी काही बोलायच्या आत तिनं मोठा आ केला.